बारावं गाडगं

सायकल पहिल्यांदा आडवी झाली तेव्हा मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. धाडकन आवाज झाला, मांडीवरचं सूप हललं आणि निवडून कडेला सारलेले खडे परत तांदळात गेले.

"लागलं का गं?" मी विचारलं.

"नाही आत्याबाई. जागच्या जागीच पडली."

"मी सायकलीला विचारलं."

वैजू हसली नाही. वैजयंता तिचं नाव, माझी एकुलती एक सून. अंगणात उभी राहून ती त्या पडलेल्या धुडाकडे बघत होती. जाड चाकांची, डोंगरात चालवायची सायकल. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःला नवी घेतली आणि जुनी हिला दिली. तिच्यावर हिनं काय काय बांधलं होतं! मागच्या कॅरेजला दोन्ही अंगांनी दोन पिशव्या, बसायच्या जागेमागं शेपटासारखं लांबडं गाठोडं, हँडलवर गुंडाळलेला तंबू, मधल्या सांगाड्यात आणखी एक तिकोनी पिशवी. वळकटी, भांडं, इवलीशी शेगडी, पाण्याच्या बाटल्या. बिऱ्हाडच म्हणा ना.

"एवढं घेऊन चाललीस कुठं? काशीला?"

"सांगितलंय तुम्हाला. चौघीजणी आहोत. डोंगरातनं जायचं, तिसऱ्या दिवशी समुद्र. तिथनं टेम्पोत सायकली टाकून परत. बाईकपॅकिंग म्हणतात त्याला."

"आमच्यात फिरस्ती म्हणत. आणि पोटासाठी करत."

याला आता बरीच वर्षं झाली. पण ते दोन दिवस मला असे आठवतात, की अजून तांदूळ निवडायला घेतले तर आधी अंगणाकडे नजर जाते.

माझा जालिंदर जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याचा बाप त्याच्याही आधी गेलेला. मूलबाळ नाही. आम्ही कुंभार, पण बाईनं चाकाला हात लावायचा नाही अशी आमच्यात रीत. जालिंदर गेला आणि चाक थांबलं ते थांबलंच. घरात दोन बाया आणि एक मुकं चाक. वैजू गावच्या टपालात होती, साध्या सायकलवर पाच वाड्यांना पत्रं आणि पेन्शनी वाटायची. घर तिच्या जिवावर चाललं होतं. हे मी कधी बोलले नाही. बोलायची गोष्ट नव्हती.

दिवाळीला तिचा भाऊ मंचरहून आला होता. न्हाणीपाशी उभं राहून हळू आवाजात तिला सांगत होता, स्थळ चांगलं आहे, हार्डवेअरचं दुकान आहे, माणसाची बायको गेलीय, म्हातारीपाशी किती दिवस काढशील. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या घरात भिंतीला मी असते. वैजू त्याला हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. "बघू दादा," एवढंच. आणि दिवाळी सरून पंधरा दिवस होत नाहीत तोच ही अंगणात बिऱ्हाड बांधत होती.

चार दिवसांसाठी कोणी वळकटी आणि भांडं नेतं का? माझ्या हयातीत मी घरातनं बिऱ्हाड बांधून गेलेल्या तीन बाया बघितल्या होत्या. तिघींपैकी एकही परत आली नव्हती.

तिनं सायकल उभी केली. हात सोडला तशी ती परत डावीकडे कलली.

मी सूप बाजूला ठेवलं. उठायचं नव्हतं, पण उठले. वाकडं बांधलेलं ओझं माझ्यानं बघवत नाही. तरणेपणात मी चार चार गाढवं मडक्यांनी लादून बाजाराला नेलेली बाई. डोंगर चढायचा, उतरायचा, नदी ओलांडायची, आणि पलीकडे जाऊन मडक्यांच्या जाळ्या सोडल्या की एक मडकं फुटलेलं सापडायचं नाही. पंचक्रोशीत माझं नाव होतं. 'गजराबाईचं गाढव निजल्यासारखं चालतं' असं म्हणायचे लोक.

"थांब," मी तिला म्हटलं. "हलव ती सायकल."

"का?"

"हलव म्हणते ना."

तिनं हँडल धरून गदागदा हलवलं. आत भांडं खडखडलं, शेगडी वाजली, कसला तरी डबा कुरकुरला.

"ऐकलंस? ओझं बोलतंय. बोलणारं ओझं कधी नीट बांधलेलं नसतं. आणि डावं अंग जड हाय, पावशेरानं."

"सारखं केलंय मी. पावशेर वगैरे काही नाही."

मी दोन्ही पिशव्या सोडवून दोन हातांत धरल्या. "पावशेर. जास्तच, कमी नाय."

ती आत गेली आणि टपालातला स्प्रिंगचा काटा घेऊन आली, पार्सलं जोखायचा.

"सरकारी काटा घरी आणलास? शाब्बास."

"उद्या परत नेईन." तिनं एक पिशवी टांगली, मग दुसरी. काट्याकडे दोनदा बघितलं.

"किती?"

"दोनशे ऐंशी ग्रॅम."

"मग काय म्हणत होते मी? खडा टाक एक उजवीकडे."

"धोंडा वागवत नेऊ समुद्रापर्यंत?"

"आम्ही नेत होतो. जाताना गाढवाची एक बाजू हलकी पडली की वाटेतला धोंडा उचलायचा आणि त्या जाळीत टाकायचा. पासंग म्हणत त्याला."

शब्द तोंडातनं गेला आणि मीच थबकले. तीही थबकली. कारण त्या शब्दाला आमच्या दोघींत इतिहास होता. ती नवी नवरी असताना, पंधरा बायांदेखत, मी म्हटलं होतं, 'माझ्या जालिंदरच्या पासंगाला पण पुरायची नाय ही.' बाया हसल्या होत्या. जालिंदर चाकावर होता, त्यानं चाक थांबवून माझ्याकडे बघितलं होतं. मग बारा वर्षांत त्यावर कोणीच काही बोललं नव्हतं.

"धोंडा नको," ती म्हणाली. "डावीकडचा डबा उजवीकडे टाकते."

दुपारपर्यंत आम्ही दोघी त्या सायकलीपाशी होतो. भांड्यात तिचे मोजे कोंबले, शेगडी टॉवेलात गुंडाळली, पट्ट्यांची लोंबती टोकं चाकात जाऊ नयेत म्हणून दुमडून बांधली. परत हलवून बघितलं. आवाज नाही. मी सगळं जड सामान मागं लादलं, आम्ही लादायचो तसं, उंच आणि घट्ट. सायकल अशी सरळ उभी राहिली की माझी मलाच ऐट वाटली.

"जा आता. त्या चढावर घालून आण."

ती निघाली. चढाला पायडल जोरात मारलं आणि सायकलीचं पुढचं चाक वर आलं. गाढव मागच्या पायांवर उभं राहावं तशी सायकल उभी राहिली आणि वैजू मागच्या मागं बसली, धुळीत, फतकल मारून. समोरच्या ओट्यावर भागूजी शिंगोटे बसला होता. माझ्याच वयाचा, शेळ्या राखायचा, जगाच्या भानगडीत तोंड घालायचा.

"गजरे," तो ओरडला, "तुझं गाढव नाचतंय गं!"

"तुझ्या वरातीत नाचलं नाय म्हणून आता नाचतंय!" मी म्हटलं.

वैजू कपडे झटकत आली. मला वाटलं रडेल. ती हसत होती. चार वर्षांत तिला अशी हसताना मी बघितली नव्हती, आणि खरं सांगते, ते बघून मला बरं वाटलं नाही.

"पुढं पण वजन पाहिजे, आत्याबाई. गाढवाला मान असते, ते चढाला मान खाली घालतं. हिला कुठली मान?" तिनं पाण्याच्या बाटल्या, शेगडी, तांदळाची पुरचुंडी असं जड जड काढून पुढं आणि मधल्या पिशवीत घातलं. परत चढावर गेली. या खेपेला सरळ चढली, वर पोचली, वळली, आणि दोन्ही ब्रेक दाबत उतरून आली.

"झालं!" ती म्हणाली. "परवा सकाळी निघायचं."

"काय झालं? घरापुढच्या चढावर कोणी पण जाईल. बैलउतार उतरून दाखव."

बैलउतार म्हणजे आमच्या गावामागचा कडा. नुसते धोंडे आणि घसरती मुरमाड वाट. खाली नदीचा उथळ पाणवठा, आणि पाणवठ्यापलीकडे मंचरची सडक. बैल बसून उतरतात म्हणून बैलउतार.

"उतरेन की."

"रिकाम्या गोष्टी नकोत. हे तुझं सामान पडलं काय आणि आपटलं काय, तुला कळायचं नाय. भांड्याला पोचा आला तर कोण बघतंय? ओझं नीट हाय की नाय ते मडकी सांगतात." आणि मग मी ते बोलले. आधी ठरवलेलं नव्हतं. "जालिंदरची गाडगी घेऊन जा. बारा. बैलउतार उतरायचा, नदी ओलांडायची, परत वर यायचं. एक जरी फुटलं, तर समुद्र गेला खड्ड्यात. घरी बसायचं."

जालिंदरच्या शेवटच्या भट्टीतली ती गाडगी. संक्रांतीच्या बाजारासाठी केलेली, ओंजळीत मावतील एवढी. बाजाराच्या आधी तो गेला. माळ्यावर पेंढ्यात ठेवली होती. चार वर्षांत आम्ही दोघींनी त्यांना हात लावला नव्हता. वैजू त्यांवर पैज लावणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी ती मागितली.

तिनं माळ्याकडे बघितलं. मागं भागूजीची शेळी ओरडत होती.

"आणि नाही फुटलं तर?"

"तर जा. मी परत एक अक्षर बोलणार नाय."

"तुम्ही? एक अक्षर?"

"जीभ हाय माझी, कुठं गहाण नाय टाकलेली. आवरता येती."

"उद्या सकाळी," ती म्हणाली आणि घागर उचलून पाण्याला गेली.

सकाळी मी माळ्यावरनं टोपली उतरवली. एकेक गाडगं पुसलं आणि बोटाच्या पेरानं वाजवलं. पक्कं भाजलेलं गाडगं टण्ण वाजतं, आत देवळातली घंटा असल्यागत. तडा असला की बद्द. डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला कळतं. एक बद्द वाजलं. उन्हाकडे धरलं तेव्हा काठापासनं खाली केसाएवढी रेघ दिसली. ते सहज हाताळलं तर दहा वर्षं टिकलं असतं. बैलउताराचे दोन हिसके बसले असते तर सुटलं असतं.

मी ते बाजूला ठेवलं. मग परत टोपलीत ठेवलं.

वैजू आली तेव्हा मी पेंढा पसरून तयार होते. तिचं सामान आम्ही पिशव्यांतनं काढलं. "मी भरते," मी म्हटलं, "नंतर म्हणायला नको, म्हातारीनं नीट भरली नाहीत." प्रत्येक गाडगं तिच्यासमोर धरून वाजवायचं, मगच पेंढ्यात बसवायचं, बाजाराला जाताना कुंभारणीनं असंच भरायचं, म्हणजे वाटेत काही झालं तर दोष कोणाचा ते कळतं. सहा डाव्या पिशवीत घातली. टण्ण, टण्ण. उजवीत पाच घातली. बारावं हातात घेतलं आणि मला खोकला आला. म्हणजे मी आणला. खोकता खोकताच ते पेंढ्यात दाबलं आणि पिशवीचं तोंड आवळलं.

"जा. देव भलं करो," मी म्हटलं.

ती पिशव्यांवर हात ठेवून जरा उभी राहिली. मग सायकल हलवून बघितली. एक शब्द नाही, ना सायकलीचा ना तिचा. टांग टाकली आणि गेली.

आमच्या जुन्या भट्टीच्या राखेचा ढीग गावाच्या कडेला आहे. त्यावर उभं राहिलं की सगळा बैलउतार दिसतो. मी तिथं गेले. भागूजी आधीच शेळ्या घेऊन हजर.

"पोरगी पडली तर?" तो म्हणाला.

"पडायची नाय."

"मग तू अशी काय उभी हायस? चटके बसल्यागत पाय बदलतीयस."

"राख गरम हाय."

"चार वर्षांची राख?"

खाली वैजू धोंड्यांतनं उतरत होती. ढुंगण मागं, पाय उभे, सायकल तिच्याखाली जित्या जनावरासारखी मान हलवत होती. पण ओझं हलत नव्हतं. मी डोळे बारीक करून बघत होते आणि माझ्यातली कुंभारीण म्हणत होती, वा गं, वा. आणि माझ्यातली दुसरी कोणीतरी कान टवकारून उभी होती, की आत्ता फुटेल, आत्ता.

पहिल्याच वळणाच्या खाली करवंदीची जाळी होती. तिथं वैजू थांबली. सायकल आडोशाला नेली. दिसेनाशी झाली.

"काय करती?" भागूजीनं विचारलं.

"मला काय म्हाईत."

मला माहीत होतं. फुटलं असणार. पिशवी उघडून बघत असणार. जालिंदरच्या गाडग्याची खापरं तिच्या हातात असणार. मी जिंकले होते. आणि मी त्या राखेत खाली बसले.

बराच वेळ गेला. मग ती जाळीतनं बाहेर आली. परत उतरायला लागली, पण आता हळू, एका हातानं जणू काही सांभाळत. खाली पोचली. पाणवठ्यात घुसली. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं, ती कलली, सावरली, पलीकडे निघाली.

पलीकडे सडक. डावीकडे मंचर.

तिनं पाय टेकला. सडकेकडे तोंड करून उभी राहिली. परत वळायचं तर तिथूनच वळायचं होतं. ती वळेना. लांबनं एक एसटी येताना दिसली, तिच्याजवळनं गेली, धूळ उडाली. धुळीत वैजू दिसेना. मी उठून उभी राहिले. माझ्या लेकाची गाडगी आणि माझ्या लेकाची बायको नदीच्या पलीकडे होती, आणि तिच्यापुढं मोकळी सडक होती, आणि मीच तिला तिथं धाडलं होतं. फुटल्यावर कोण येईल परत, माझी बोलणी खायला?

"वैजे!" मी ओरडले. एवढ्या लांब ऐकू जाणार नव्हतं. भागूजीनं माझ्याकडे बघितलं आणि शेळ्यांकडे वळला.

धूळ बसली. सायकल पाण्यात होती. अलीकडे येत होती.

वर यायला तिला तासभर लागला. बराचसा चढ ती सायकल ढकलत आली. अंगणात आली तेव्हा घामानं निथळत होती, एक गुडघा खरचटलेला होता. मी तिच्या आधी पोचून पडवीत बसले होते, मांडीवर सूप घेऊन. सुपात तांदूळ नव्हते, ते मला नंतर कळलं.

"मोजा," ती म्हणाली.

मी डावी पिशवी सोडली. सहा. एकेक काढून वाजवलं. सहाही टण्ण. उजवी सोडली. एक, दोन, तीन, चार, पाच. पेंढ्यात हात घातला तर हाताला गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. धोंडा. नदीतला नव्हे, बैलउतारावरचा, काळा, गाडग्याएवढ्याच वजनाचा.

पासंग.

मी वर बघितलं. वैजूनं ओढणी पोटाशी करकचून बांधली होती. टपालाचे पैसे ती तसेच बांधून न्यायची, कमरेला. तिनं गाठ सोडली आणि बारावं गाडगं बाहेर काढलं. घामानं ओलं झालेलं, अख्खं. माझ्यासमोर पेंढ्यावर ठेवलं.

"तुम्ही अकराच वाजवलीत," ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही. हिशेब मागितला नाही. रांजणातलं पाणी घेऊन गुडघा धुवायला बसली.

मला कोणी शिव्या दिल्या तर मी दुप्पट देते. शिव्याच नसतील तर काय द्यायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी उठून हळद आणली. तिच्या गुडघ्यावर दाबली. ती 'स्स' म्हणाली.

"सडकेपाशी का थांबलीस?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं.

"दम लागला होता."

"एवढा वेळ?"

ती गुडघ्याकडे बघत होती. "आत्याबाई, मी रोज पाच वाड्या फिरते. रोज तीच वाट, तीच कुत्री, तेच 'माझी पेन्शन आली का'. शेवटच्या वाडीपुढं रस्ता जातो. रोज मी तिथनं सायकल वळवते. चार वर्षं वळवतेय. हल्ली हल्ली वळवताना हात दुखायला लागलाय." तिनं हळदीवर फुंकर घातली. "एकदा सांगून सवरून जाऊन यायचंय मला. नाहीतर एक दिवस न सांगता सरळ जाईन, आणि तुम्ही दारात बसाल."

मी हळदीची वाटी उचलली. "आणि ते हार्डवेअरवालं?"

"तुम्ही ऐकलंत होय?" आता मात्र तिला हसू आलं. "त्याला मी दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी नाही कळवलं. तुम्ही ते ऐकायला नव्हता. भिंत त्या दिवशी सुट्टीवर होती."

दुसऱ्या दिवशी उजाडताच डॉक्टरीणबाई आणि बाकी दोघी आल्या. त्यांच्या सायकली बघून मी सवयीनं म्हटलं, "हलवा जरा." तिघींच्या बोलल्या. डॉक्टरीणबाईंचं तर भांड्यांचं दुकानच वाजत होतं. मी तिघींना उभं करून सगळं सोडायला लावलं आणि परत बांधून दिलं. एक अक्षर बोलणार नाही असा शब्द दिला होता. तो वैजूपुरता होता.

वैजू शेवटी निघाली. टांग टाकायच्या आधी आत जाऊन तो काळा धोंडा घेऊन आली आणि माझ्या उंबऱ्यावर ठेवला.

"हा इथं राहू द्या. चार दिवस घर एका अंगाला कलायला नको."

"धोंडा काय मला च्या करून देणार हाय?"

"नाही. पण उलटं बोलणार पण नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना वाटलं गंमत चाललीय. वैजूनं मात्र माझ्याकडे बघितलं, आणि मी मान फिरवून कोंबड्यांना हाकलायला लागले. कोंबड्या आमच्याकडे नव्हत्याच, शेजारणीच्या होत्या.

ते चार दिवस मी काय केलं विचारू नका. धोंडा उंबऱ्यावरनं कोनाड्यात ठेवला, कोनाड्यातनं परत उंबऱ्यावर. पहिल्या दिवशी दोन कप चहा केला आणि दुसरा भागूजीला दिला. तो इतका घाबरला की त्यानं शेळीला विचारलं, प्यावा का. दुसऱ्या रात्री मला झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी राखेच्या ढिगावर जाऊन आले, उगाच. तिची वाट त्या बाजूची नव्हतीच. चौथ्या दिवशी टेम्पो येण्याची वेळ दुपारची होती. दुपार गेली. मी बारा गाडगी टोपलीतनं काढली, पुसली, पडवीत ओळीनं मांडली. काहीतरी करायला हवं होतं.

दिवस कलताना टेम्पो वाजला.

वैजू उतरली. तोंड उन्हानं रापलेलं, ओठ फुटलेले, चपलांत वाळू. सायकल उतरवून घेतली, भिंतीला लावली. पिशव्या तशाच, घट्ट. एक गाठ ढिली नव्हती. उंबऱ्यावरचा धोंडा तिनं पायानं बाजूला केला आणि त्याच्या जागी स्वतः बसली.

"माझ्यामागं काही फुटलं का?" तिनं विचारलं.

"काय फुटतंय," मी म्हटलं. "वाजवलेली अकराच हायत."

तिनं गाडग्यांच्या ओळीकडे बघितलं.

मी ओळीतलं शेवटचं उचललं. केसाएवढी रेघ माझ्या अंगठ्याखाली होती. तिच्यासमोर धरलं, बोटाचं पेर वाकवलं, आणि वाजवलं.

बद्द.

"बारा झाली," वैजू म्हणाली.